मदत हवी आहे : चार वर्षांच्या मुलाला स्कीइंगच्या वर्गात घालावं का?
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच मुलांना घेऊन स्कीइंगला निघालोय, मुक्काम 2400 मीटर उंचीवर. मोठी नऊ वर्षांची, ती वर्गात जाणार हे नक्की. काळजी धाकट्याची आहे, तो जेमतेम चारचा. भाड्याचे बूट घालून पाहिले तर नडगीवर दाबतंय म्हणून रडायला लागला. दोन जाड मोजे काढून एकच पातळ घातला, तेव्हा शांत झाला. एवढ्याशा पोराला वर्गात सोडावं, की आपणच सौम्य उतारावर तासभर खेळवावं? हेल्मेट घेतलंय. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परावर्तित करतो, म्हणून गॉगल आणि सनस्क्रीनही. पण विरळ हवेची सवय व्हावी म्हणून पहिला दिवस नुसता आरामाचा ठेवावा का? लहान मुलांना नेलेल्यांनी कृपया सांगा.