आधी काय हलकं करायचं: फ्लायव्हील की प्रॉपशाफ्ट?

टॉर्करेंच
गाडी १३०० किलोची, इंजिन पुढे, ड्राइव्ह मागच्या चाकांना. अशा स्पोर्ट्स कारसाठी हलके ड्राइव्हट्रेन पार्ट विकसित करायचे तर पहिला खर्च कशावर करावा? कार्बनचा प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे फिरती शक्ती नेणारी लांब नळी) देखणा असतो म्हणून बरेच जण तिकडे धावतात. माझं मत फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिन आणि क्लचच्या मधल्या जड चकतीला.

आकडे मांडतो. पहिला गिअर ३.६, फायनल ड्राइव्ह (मागच्या ॲक्सलवरचं गिअरिंग) ४.१, टायरची त्रिज्या ३१ सेंमी. फ्लायव्हील १० किलोवरून ५ वर आणलं आणि काढलेलं वजन सरासरी ११ सेंमी त्रिज्येवरचं असेल, तर इनर्शिया (फिरण्याचा वेग बदलायला होणारा विरोध) ०.०६ किग्रॅ-मी² ने घटतो. त्याला एकूण गिअरिंगच्या वर्गाने गुणा, टायरच्या त्रिज्येच्या वर्गाने भागा. पहिल्या गिअरमध्ये गाडी साधारण १३५ किलोंनी हलकी झाल्यासारखी पळते. तेच ५ किलो ७५ मिमीच्या प्रॉपशाफ्टमधून काढा. तो गिअरबॉक्सच्या मागे, त्यामुळे फक्त ४.१ चा वर्ग लागतो, आणि वस्तुमान जेमतेम ३.७ सेंमीवर. फिरण्यातला फायदा १.२ किलो! बाकी उरतात ते निव्वळ ५ किलो.

साडेसात_हजार
गणित बरोबर, पण तुम्ही सोयीचा गिअर निवडलात. ट्रॅकवर पहिला गिअर सुटताना एकदा लागतो, मग कोण विचारतो त्याला? चौथ्यात, म्हणजे १.० रेशोला, तुमचे १३५ किलो साडेदहावर येतात. डाउनशिफ्टला ब्लिप (खालच्या गिअरला जाताना ॲक्सिलरेटरला झटका देऊन आरपीएम वाढवणं) चटकन होतो, तो फायदा मान्य.

आणि प्रॉपशाफ्टचा मुद्दा वजनाचा नाहीच, क्रिटिकल स्पीडचा आहे. दीड मीटर लांब, ७५ मिमी व्यासाची पोलादी नळी एका तुकड्यात लावली तर ती सुमारे ५,६०० आरपीएमला धनुष्यासारखी वाकू लागते. तुमच्याच रेशोंनी ताशी २०० किमीला शाफ्ट ७,००० च्या वर फिरतो. म्हणून तर शाफ्टचे दोन तुकडे आणि मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग. ॲल्युमिनियमने हे सुटत नाही. ताठरपणा आणि घनता यांचं गुणोत्तर दोन्ही धातूंत जवळपास सारखंच, त्यामुळे त्याच व्यासाला क्रिटिकल स्पीडही तोच. व्यास वाढवायचा तर टनेलमध्ये जागा हवी. कार्बनमध्ये तंतूंची दिशा आपल्या हातात असते. ±४५ अंशांचे थर टॉर्क घेतात, लांबीच्या दिशेचे वाकणं रोखतात. सेंटर बेअरिंग, त्याचा ब्रॅकेट, मधला जॉइंट, सगळं जातं.

लेथवाला
शाफ्टवाल्यांनी चिकटजोडाबद्दलही बोलावं. नळी फुटण्याआधी यॉकचा (नळीच्या टोकाला चिकटवलेल्या धातूच्या जोडतुकड्याचा) जोड सुटतो. कार्बन थेट ॲल्युमिनियमला टेकला की ओलाव्यात ॲल्युमिनियम गंजतं आणि गंज चिकटवणीखाली पसरत जातो. मध्ये काचतंतूचा पातळ थर हवाच. शेजारून एक्झॉस्ट जात असेल तर इपॉक्सी किती तापमानाला मऊ पडतं ते आधी बघा आणि हीट शील्ड डिझाइनमध्येच धरा.

फ्लायव्हीलबद्दल: मूळ बिडाचं फ्लायव्हील लेथवर चढवून खरवडू नका. क्लचच्या उष्णतेने घर्षणपृष्ठावर केसासारखे तडे असतातच, त्यांच्यामागची जाडी काढली की ७,००० ला ते फुटून बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं कवच) फोडून बाहेर येऊ शकतं. ४१४० सारख्या क्रोमोलीच्या (क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या) अखंड तुकड्यातून नवीन बनवा. १३ सेंमीवरचा एक किलो ६ सेंमीवरच्या एका किलोच्या पावणेपाच पट महाग पडतो, तेव्हा कडेचं मटेरियल काढा, प्रेशर प्लेटच्या बोल्टांमधले खळगे खोल करा. मधला भाग पोखरून काट्यावर आकडा छान दिसतो, इंजिनला काही कळत नाही. बॅलन्स जी २.५ या अचूकतेच्या श्रेणीला करा. ५ किलोच्या चकतीला ७,००० आरपीएमवर ती मर्यादा १७ ग्रॅम-मिमी, म्हणजे १३ सेंमीच्या कडेला ग्रॅमचा जेमतेम आठवा हिस्सा.

डॅम्परप्रेमी
सगळे इनर्शिया घटवण्यात रमलेत, तो तिथे का होता हे कोणी विचारत नाही. मूळ गाडीत ड्युअल-मास (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंगा असलेलं) फ्लायव्हील असेल तर त्यातल्या कमानी स्प्रिंगा इंजिनचे हिसके गिळतात. सिंगल-मास, म्हणजे एकसंध, लावलं की ते काम क्लच प्लेटच्या आखूड स्प्रिंगांवर येतं, त्या तेवढ्या अंशांत फिरूच शकत नाहीत. न्यूट्रलला गिअरबॉक्स खडखडतो, कमी आरपीएमला लोड दिला की गुरगुरतो. शिवाय ईसीयू (इंजिनचा संगणक) क्रँकच्या दातांमधला वेळ मोजून मिसफायर, म्हणजे चुकलेलं ज्वलन, ओळखतो. हलक्या फ्लायव्हीलवर निरोगी ज्वलनातही क्रँकचा वेग जास्त खालीवर होतो आणि पी०३०० हा मिसफायरचा कोड विनाकारण पेटतो. मर्यादा नव्याने कॅलिब्रेट करता येत नसेल तर तुम्ही पार्ट नाही, तक्रार विकताय. त्यासोबत घन ॲल्युमिनियमची क्रँक पुली देणाऱ्यांना तर साष्टांग नमस्कार. मूळ पुलीतला कंपनं शोषणारा डॅम्पर काढून क्रँकशाफ्ट उघडा पाडायचा!

टॉर्करेंच
पुली मीही देणार नाही. कॅलिब्रेशनचा मुद्दा पटला: संचासोबत फाइल द्यायची, नाहीतर ५ ऐवजी साडेसहा किलोवर थांबायचं. क्लच प्लेट मात्र स्प्रिंगचीच.

उष्णतेचा आक्षेप येईलच म्हणून आधीच सांगतो. इंजिन साडेतीन हजार आरपीएमवर ठेवून क्लच पूर्ण धरेपर्यंत सरकवला तर एका सुटण्यात साधारण ३८ किलोज्यूल जळतात. निम्मे फ्लायव्हीलमध्ये गेले तर ५ किलो पोलाद सरासरी ८ अंश तापतं, १० किलो ४ अंश. एकदा सुटायला किरकोळ, लागोपाठ दहादा सुटणाऱ्याला नाही.

साडेसात_हजार
सरासरीवर जाऊ नका, पृष्ठभाग त्याच्या कितीतरी पट तापतो. ॲल्युमिनियमच्या बॉडीत पोलादी इन्सर्ट असेल तर दोघांच्या प्रसरणात जवळपास दुपटीचा फरक, स्क्रू ढिले होतात ते तिथेच.

स्प्लाइन
दोघंही नको त्या भागावर भांडताय. हाफशाफ्टकडे, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्याकडे, बघा. व्यासाच्या निम्मं भोक आरपार पाडलं तर वजन २५ टक्के घटतं, पिळाची ताकद फक्त सव्वासहा टक्के. उलट बाहेरून २५ चा २४ मिमी केलात तर वजन ८ टक्केही कमी होत नाही आणि ताण १३ टक्के वाढतो. मधला दांडा स्प्लाइनच्या (टोकाला कापलेल्या दातांच्या) मुळापेक्षा किंचित बारीक ठेवायचा, म्हणजे पीळ लांबीभर पसरतो. नाहीतर स्प्लाइन जिथे संपते तिथेच मोडतो. बाहेरून शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग मजबूत करणं) सगळेच करतात. भोकाच्या आतली हत्याराची रेघ मात्र पॉलिश न करता सोडतात, आणि तडा तिथूनच सुरू होतो.