घटस्फोटानंतर अमेरिकेत मुलाला टॅक्समध्ये कोण दाखवणार? सल्ला हवाय

जर्सीतली_आई
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत असते, घटस्फोट २०२३ मध्ये झाला, मुलगा नऊ वर्षांचा. राहतो माझ्याकडेच, एकाआड एक वीकेंडला दोन रात्री आणि दर बुधवारी रात्री बाबाकडे. डिक्रीत लिहिलंय की सम वर्षी मी त्याला डिपेंडंट (अवलंबून असलेला) दाखवायचं, विषम वर्षी बाबाने. गेल्या वेळी माझी पाळी होती म्हणून डोकंच लावलं नाही, आता २०२५ च्या रिटर्नसाठी बाबाने फॉर्म ८३३२ (मुलाला दाखवायचा हक्क दुसऱ्या पालकाला देणारा) ईमेल केलाय, सही करून पाठव म्हणे, वर "पुढच्या सगळ्या वर्षांचं एकदाच करून टाकू". सही केली की माझं सगळंच जाणार का? हेड ऑफ हाउसहोल्ड (एकट्याने घर चालवणाऱ्यांचा टॅक्समधला सवलतीचा दर्जा) पण? शाळेनंतरच्या आफ्टरकेअरचे पैसे मी भरते हो! पुण्यातल्या सीए मावसभावाला विचारलं तर म्हणाला आमच्याकडे असली भानगडच नसते, झालं. शिवाय हे टर्बोटॅक्स सॉफ्टवेअरमध्ये जमेल की कोणी माणूस गाठू? परवडणारा सुचवा.

शिकागोचे_काका
फॉर्मबिर्म काही लागत नाही. माझ्या वेळी डिक्रीची पानं जोडली होती रिटर्नला, काम झालं.

आकडेमोड्या
काका, तुमचा घटस्फोट कधीचा? २००९ च्या आधीचा असेल तर डिक्रीची पानं चालायची. नंतरच्यांना ८३३२ च लागतो.
ताई, आधी एक डोक्यात पक्कं करा, आयआरएस (इथलं टॅक्स खातं) डिक्री बघत नाही, मूल रात्री कुठे झोपलं ते बघते. तुमच्या हिशेबाने बाबाकडे वर्षाला १०४ च्या आसपास रात्री, बाकी २६१ तुमच्याकडे, म्हणजे कस्टोडियल पालक तुम्हीच. सही केलीत तर त्याच्याकडे जातं ते चाइल्ड टॅक्स क्रेडिट (मुलामागे करात मिळणारी सूट), २०२५ साठी २,२०० डॉलरपर्यंत. हेड ऑफ हाउसहोल्ड तुमचंच राहतं (घरखर्चाचा निम्म्याहून जास्त वाटा तुमचा असला पाहिजे), आफ्टरकेअरचं क्रेडिट तुमचंच कारण मुलगा तेराच्या आतला आहे, आणि उत्पन्नात बसत असाल तर अर्न्ड इन्कम क्रेडिटसुद्धा. यातलं काहीच त्याला सही घेऊनही मिळत नाही. हेड ऑफ हाउसहोल्डचं स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) २०२५ ला २३,६२५ आणि सिंगलचं १५,७५०, त्यामुळे घाईत सिंगल भरून बसू नका, माझ्या बहिणीने एक वर्ष तेच केलं होतं.

जर्सीतली_आई
बापरे, मी तर सिंगलच भरणार होते. आणि ते "सगळ्या वर्षांचं" काय करू?

आकडेमोड्या
अजिबात नको. पहिला भाग फक्त चालू वर्षाचा, तेवढाच भरा. दुसऱ्या भागात पुढची वर्षं लिहून दिलीत तर मागे घेता येतं, तिसरा भाग त्यासाठीच आहे, पण आज २०२६ मध्ये नोटीस दिली तरी लागू होणार २०२७ पासून. दर विषम वर्षी एक सही, त्यात काय एवढं. डिक्रीत "चाइल्ड सपोर्ट वेळेवर असेल तरच" अशी अट आहे का तेही बघा, असेल तर सहीच्या आधी हिशेब तपासा.

दोन_लेकींचा_बाप
उलटी बाजू सांगतो. मुली माझ्याकडे, पण त्यांच्या आईने सही न घेताच दोघींना दाखवलं आणि माझ्या आधी रिटर्न भरलं. माझं ई-फाइल रिजेक्ट. कागदी रिटर्न पाठवलं, मग दोघांना आयआरएसचं पत्र, ज्याचं चुकलंय त्याने दुरुस्त करा. शाळेचं पत्र, डॉक्टरचे कागद, असं सगळं काढून ठेवावं लागलं. शेवटी तिने सुधारून भरलं पण रिफंड यायला जीव गेला. आता मुलींचे आयपी पिन काढलेत, त्या सहा आकड्यांशिवाय त्यांच्या नावाने ई-फाइल होत नाही. ताई, तुम्ही काढलात तर विषम वर्षी तो पिन बाबाला द्यावा लागेल हं, आणि दर वर्षी नवा येतो.

जर्सीतली_आई
हे करतेच. एक राहिलं, उन्हाळ्यात सहा आठवडे तो नाशिकला आजीकडे होता, त्या रात्री कोणाच्या?

आकडेमोड्या
तो इथे असता तर ज्या रात्री ज्याच्याकडे झोपला असता त्याच्या. आजीच्या नाहीत 😄 कॅलेंडरवर टिपून ठेवत जा. तुमचं अंतर मोठं आहे, पण निम्मं-निम्मं असणाऱ्यांना एकेक रात्र महत्त्वाची. २०२४ च्या लीप वर्षात १८३-१८३ झालेलं एक जोडपं माझ्या माहितीत आहे, अशा वेळी ज्याचं एजीआय (ठरावीक वजावटींनंतरचं उत्पन्न) जास्त तो कस्टोडियल.

डॅलस_वहिनी
माणूस हवा तर एन्रोल्ड एजंट (आयआरएसचा परवाना असलेला टॅक्स सल्लागार) शोध गं, साधारण सीपीएपेक्षा (इकडच्या सीएपेक्षा) स्वस्त पडतो, आणि पहिल्या फोनलाच विचार, ८३३२ ची किती रिटर्न्स केलीत? अडखळला तर ठेवून दे फोन. उत्पन्न कमी असेल तर लायब्ररीत वगैरे व्हिटाचे (आयआरएसच्या मदत योजनेचे) स्वयंसेवक फुकट करून देतात, फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घे. आणि सही केलेल्या फॉर्मची कॉपी स्वतःकडे ठेव.

जर्सीतली_आई
व्हिटाची शनिवारची वेळ मिळाली! फॉर्मवर फक्त २०२५ लिहून सही केली, दुसरा भाग आडवी रेघ मारून कोरा. त्याचा लगेच मेसेज, "रेघ कशाला मारलीस?"

शिकागोचे_काका
माझा घटस्फोट २००५ चा होता. 🙏