व्होर्टेक हेडसाठी रॉकर आर्म निवडताना: १.५ की १.६ रेशो, अ‍ॅल्युमिनियम की पोलाद?

प्रश्न

शेवरोलेच्या ३५० घनइंची (५.७ लिटर) स्मॉल ब्लॉक इंजिनाची मी पुनर्बांधणी करत आहे. त्यावर १९९६ पासून आलेली बिडाची व्होर्टेक हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) आहेत आणि हायड्रॉलिक रोलर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवटे असलेला दांडा) नवा घेतला आहे. कॅमच्या लॉबची (उंचवट्याची) लिफ्ट, म्हणजे उचल, ०.३०० इंच आहे. रॉकर आर्म ही तरफ ती उचल आपल्या रेशोच्या पटीत वाढवून व्हॉल्व्हला देते, म्हणजे मूळच्या १.५ रेशोच्या रॉकरवर व्हॉल्व्हची लिफ्ट ०.४५० इंच होते आणि १.६ रेशो घेतल्यास ती ०.४८० इंचांपर्यंत जाते. गाडी मुख्यतः रस्त्यावरच चालणार असून इंजिन ६,००० आरपीएमच्या वर नेण्याचा विचार नाही. कंपनीचे पत्र्याचे दाबीव रॉकर काढून पूर्ण रोलर रॉकर बसवायचे आहेत. कोणता रेशो घ्यावा, अ‍ॅल्युमिनियमचे घ्यावेत की पोलादाचे, आणि रॉकर बदलताना आणखी काय काय बदलणे भाग पडेल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

रेशोचा निर्णय आपण करायचा नसून तो आपल्या हेडने करायचा आहे. मूळ स्थितीतल्या व्होर्टेक हेडची सर्वांत मोठी अडचण म्हणजे व्हॉल्व्ह गाइडचा (व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीतून सरकतो तिचा) वरचा भाग उंच असतो. त्यामुळे लिफ्ट वाढली की स्प्रिंगचा रिटेनर (तिला वरून धरणारी चकती) खाली येऊन गाइडवरच्या ऑइल सीलला भिडतो. हेडला हात न लावता साधारण ०.४७० इंचांपलीकडे सहसा जाता येत नाही, आणि १.६ रेशोवर आपण नेमके त्या रेषेपलीकडे जात आहात.

हे मोजणे अवघड नाही. व्हॉल्व्ह बंद असताना रिटेनरच्या खालच्या कडेपासून सीलच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजा, त्यातून व्हॉल्व्हची लिफ्ट वजा करा, आणि किमान ०.०५० इंच शिल्लक राहतात की नाही ते पाहा. म्हणजे १.६ रेशोसाठी ते अंतर ०.५३० इंच तरी हवे. ते सर्व सोळा व्हॉल्व्हवर मोजावे, कारण हेडवर पूर्वी काम झाले असेल तर प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा मिळू शकतो. अंतर कमी पडले तर मशीन शॉपमध्ये गाइडचा माथा कापून घेता येतो, किंवा लहान रिटेनरच्या बीहाइव्ह (वर निमुळत्या होणाऱ्या) स्प्रिंग वापरून थोडी जागा मिळवता येते. या स्प्रिंगचे वरचे टोक हलके असल्याने व्हॉल्व्हवरचा ताबाही सुधारतो.

त्यानंतर स्प्रिंगकडे वळा. पूर्ण लिफ्टवर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकण्यापूर्वी सुमारे ०.०६० इंच मोकळीक असावी. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातले अंतर इनटेककडे किमान ०.०८० आणि एक्झॉस्टकडे ०.१०० इंच ठेवण्याचा प्रघात आहे. हे अंतर पिस्टन अगदी माथ्यावर असतानाच मोजून थांबू नये, कारण क्रँकशाफ्टच्या फिरण्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह माथ्याच्या सुमारे १० अंश आधी आणि इनटेक व्हॉल्व्ह सुमारे १० अंश नंतर पिस्टनच्या सर्वांत जवळ असतो. मोठ्या रेशोमुळे केवळ कमाल लिफ्ट वाढते असे नाही. त्या क्षणीही व्हॉल्व्ह अधिक उघडलेला असतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. व्हॉल्व्हकडे ३०० पौंडांचा दाब असेल तर १.५ रेशोवर लिफ्टर (कॅमवर टेकणारा भाग) आणि पुशरॉड (त्याची हालचाल रॉकरपर्यंत नेणारी दांडी) यांना ४५० पौंड सोसावे लागतात, तर १.६ रेशोवर ४८० पौंड. शिवाय जास्त लिफ्टमुळे स्प्रिंग अधिक दाबली जात असल्याने मूळचे ३०० पौंडही तेवढेच राहत नाहीत.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु स्टडचा, म्हणजे रॉकर ज्या उभ्या खुंटीवर बसतो तिचा, विचार रेशोच्याही आधी व्हावा असे माझे मत आहे. व्होर्टेक हेडमध्ये ३/८ इंचाचे स्टड आट्यांवर बसवलेले नसून ते दाबून ठोकलेले असतात. मूळच्या नरम स्प्रिंगना ते पुरतात. कडक स्प्रिंग लावल्यावर मात्र ते हळूहळू वर सरकू शकतात. एकाच व्हॉल्व्हची सेटिंग पुन्हा पुन्हा सैल पडत असेल तर स्टडच्या माथ्यांवर सरळ पट्टी ठेवून पाहावे. वर आलेला स्टड लगेच दिसतो. म्हणून हेडमध्ये आटे पाडून स्क्रू-इन स्टड बसवणे हाच योग्य मार्ग आहे. काम करून घेतच आहात तर ७/१६ इंचाचे स्टड घ्या. दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातानुसार वाढतो, त्यामुळे दिसायला किरकोळ वाटणाऱ्या या फरकाने स्टड सुमारे ८५ टक्के अधिक ताठ होतो. रॉकरही अर्थातच त्याच मापाचे घ्यावे लागतील.

दुसरा मुद्दा रॉकर जागेवर राखण्याचा. व्होर्टेकचे मूळ रॉकर सेल्फ-अलाइनिंग असतात, म्हणजे त्यांच्या टोकाला दोन्ही बाजूंनी लहान कडा असून त्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर रॉकर सरळ धरून ठेवतात. अशा रॉकरसोबत गाइडप्लेट (पुशरॉडला रेषेत ठेवून रॉकर सरळ राखणाऱ्या पट्ट्या) कधीही लावू नयेत; दोन्ही गोष्टी रॉकरला आपापल्या रेषेत ओढतात आणि व्हॉल्व्हच्या टोकावर आडवा जोर येतो. एकतर गाइडप्लेटशिवाय सेल्फ-अलाइनिंग रॉकर, नाहीतर गाइडप्लेट, साधे रॉकर आणि कठीण पृष्ठभागाचे पुशरॉड, असा संपूर्ण संचच निवडावा. नरम पुशरॉड गाइडप्लेटवर घासून झिजतात आणि तो कीस तेलात मिसळतो.

धातूबाबत माझा कौल पोलादाला आहे. अ‍ॅल्युमिनियमला थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते. ताण कमी असला तरी प्रत्येक फेरीगणिक त्याचे आयुष्य थोडे थोडे खर्च होतच राहते. पोलादावरचा ताण ठरावीक पातळीच्या खाली राहिला तर ते जवळजवळ अमर्याद काळ टिकते. रस्त्यावरच्या गाडीच्या रॉकरला कोट्यवधी फेऱ्या कराव्या लागतात, म्हणून हा फरक महत्त्वाचा आहे.

प्रतिसाद ३

अ‍ॅल्युमिनियमविषयीचे विधान तत्त्वतः बरोबर असले तरी चांगल्या बनावटीचे, पुरेशा जाडीचे अ‍ॅल्युमिनियम रॉकर ६,००० आरपीएमच्या रस्त्यावरच्या इंजिनात वर्षानुवर्षे चालतात, हेही सांगायला हवे. पोलादाचा मला भावणारा गुण म्हणजे ताठरपणा, कारण त्याचा स्थितिस्थापकता गुणांक अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट असतो. वजनाची भीती बरेचदा अवाजवी असते. रॉकरच्या मध्याजवळचे वजन फारसे नडत नाही, व्हॉल्व्हकडच्या टोकाचे नडते, आणि चांगले पोलादी रॉकर त्या टोकाला निमुळतेच असतात.

रोलरकडून काय अपेक्षा ठेवावी हेही स्पष्ट असू द्यावे. टोकाच्या रोलरची जाहिरात जास्त होते, पण घर्षण आणि उष्णता यांतली खरी बचत मधल्या टेकूवरच्या सुई बेअरिंगमुळे होते. केवळ टोकाला रोलर आणि मध्ये जुनाच गोल टेकू असलेले रॉकर घेऊन कडक स्प्रिंगवर त्या टेकूची उष्णता कमी होत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सर्व व्हॉल्व्हवर मोजमाप केले असता सर्वांत कमी अंतर ०.५१५ इंच निघाले. याचा अर्थ १.५ रेशोवर ०.०६५ इंच शिल्लक राहतात आणि १.६ वर केवळ ०.०३५. त्यामुळे १.५ रेशोचे पोलादी रोलर रॉकर, ७/१६ इंचाचे स्क्रू-इन स्टड आणि गाइडप्लेट असे ठरवले आहे. आता पुशरॉडची लांबी मूळचीच ठेवली तर चालेल काय?

प्रतिसाद ३

गृहीत धरू नका, मोजूनच घ्या. रॉकरची रचना बदलली की टेकूची उंची बदलते आणि जुनी लांबी योग्य राहीलच असे नाही. एका व्हॉल्व्हवर नरम तपासणी स्प्रिंग लावा आणि लांबी कमीजास्त करता येणारा पुशरॉड बसवा. हायड्रॉलिक लिफ्टर आत दबला तर माप चुकते, म्हणून नरम स्प्रिंग आवश्यकच आहे. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करची शाई लावून इंजिन हाताने काही फेरे फिरवा आणि रॉकर काढून घासल्याची पट्टी पाहा. पट्टी दांड्याच्या मध्यावर असावी असे सर्वत्र सांगितले जाते, परंतु ती अरुंद असणे त्याहून महत्त्वाचे आहे. अर्ध्या लिफ्टवर टेकूचा मध्य आणि टोकाच्या रोलरचा मध्य यांना जोडणारी रेषा व्हॉल्व्हच्या दांड्याशी काटकोनात आली की पट्टी सर्वांत अरुंद मिळते. ज्या लांबीवर ती मिळेल त्या लांबीचे पुशरॉड मागवा, आणि मागवताना लिफ्टरला द्यायचा प्रीलोड (त्याला आत दाबून ठेवण्याचे थोडेसे अंतर) त्यात मिळवायला विसरू नका.

प्रतिसाद १

दोन गोष्टींची भर घालतो. पुशरॉड हाताने गोल फिरवत प्रत्येक सिलिंडरवर तो हेडच्या छिद्रात किंवा गाइडप्लेटवर कुठे अडतो का, हे पूर्ण लिफ्टपर्यंत पाहावे. तसेच रोलर रॉकरचे लॉकनट उंच असतात, त्यामुळे मूळचे टॅपेट कव्हर आतून त्यांना लागू शकते. आतल्या पत्र्याला मातीचा पातळ थर लावून कव्हर एकदा बसवून काढले की कुठे ठसा उमटतो ते कळते, आणि तेवढ्याच जागी पत्रा ठोकून मागे घ्यावा किंवा कव्हरखाली जाड गॅस्केट वापरावी.