वेदना आणि व्यसन : संशोधन एकाच छपराखाली हवं का?

वाळवंटी
अमेरिकेतल्या टूसॉनला ॲरिझोना विद्यापीठाचं एक केंद्र आहे, वेदना आणि व्यसन या दोन्हींवर मिळून संशोधन आणि शिक्षण करणारं. औषधशास्त्राचे प्राध्यापक टॉड वँडेरा त्याचे प्रमुख. दोन विषयांची ही मोट बांधावी का, यावरून इथल्या ओळखीच्या मंडळींत चांगलीच जुंपली, म्हणून हा धागा.

माझं मत : बांधायलाच हवी, आणि खरं तर तीस वर्षांपूर्वी. ऑक्सिकॉन्टिन या अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळीला अमेरिकेत डिसेंबर १९९५मध्ये मंजुरी मिळाली. दुखण्यासाठी घेतलेल्या गोळीचं व्यसन क्वचितच लागतं, असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं गेलं. आधार काय, तर 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधलं १९८०चं पाच वाक्यांचं पत्र! ११,८८२ रुग्णांत व्यसनाची चारच उदाहरणं सापडली, एवढंच त्यात होतं. पण ते रुग्ण हॉस्पिटलात दाखल असलेले. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात चकार शब्द नाही. तरी या पत्राचा हवाला ६०८ वेळा दिला गेल्याचं २०१७मध्ये कुणीतरी मोजलं. व्यसनावर उपचार करणारा एक जरी डॉक्टर वेदनावाल्यांच्या बैठकीत असता, तर त्याने हे तिथल्या तिथे विचारलं असतं.

सांधेवाली
इतिहास बरोबर आहे, पण अर्धाच सांगितलात. मी ऱ्हुमॅटॉइडची (जुनाट संधिवाताची) पेशंट, फिनिक्सजवळ राहते. २०१६मध्ये सीडीसीची, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेची, अशा गोळ्यांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आली. दिवसाला ९० मिलिग्रॅम मॉर्फीनएवढ्या (मॉर्फीन म्हणजे अफूपासूनचं वेदनाशामक) डोसच्या वर शक्यतो जाऊ नका, असा सल्ला होता. सल्लाच, पण विमा कंपन्यांनी आणि काही राज्यांनी त्याचा नियम करून टाकला. वर्षानुवर्षं एका डोसवर धडपणे नोकरी करणाऱ्या लोकांच्या गोळ्या एकदम तोडल्या. शेवटी २०१९मध्ये औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएलाच इशारा द्यावा लागला, की औषध असं अचानक बंद करू नका, लोक आत्महत्येपर्यंत जाताहेत. २०२२मध्ये सीडीसीने तत्त्वं सुधारली. तोवर भोगायचं त्यांनी भोगलं होतं.

दारावर 'व्यसन' लिहिलं की आत शिरणाऱ्या प्रत्येक पेशंटला आधी स्वतःला निर्दोष ठरवावं लागतं. काउंटरवरची ती नजर मी पाहिली आहे.

केमिस्टकाका
ताई, नजरेचं मान्य. आमच्या धंद्यातली माणसं वाईट वागतात कधीकधी. पण बुप्रेनॉर्फिनचं काय करणार? तेच औषध दुखण्यावर चालतं आणि तेच अफूचं व्यसन सोडवायलाही. मेथाडोनचंही तसंच. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाचं हाड मोडलं, तर त्याला काय द्यायचं? दोन वेगळे विभाग असले की दोघेही 'तिकडे जा' म्हणतात. शरीराला औषधाची सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं. मॉर्फीन थांबवल्यावर घाम फुटणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो. हा फरक शिकवणार कोण? २७ जून २०२३पासून अमेरिकेत अशी औषधं लिहून देणाऱ्या डॉक्टरांना प्रशिक्षण सक्तीचं झालं. किती? आठ तास, तेही आयुष्यात एकदाच.

परळकर
मुंबईत पॅलिएटिव्ह केअरमध्ये (गंभीर आजाऱ्यांचा त्रास कमी करण्याच्या सेवेत) काम करतो, म्हणून राहवत नाही. तुमच्याकडे पूर, आमच्याकडे दुष्काळ. १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थांवरच्या कायद्यानंतर परवान्यांच्या कटकटीने कित्येक हॉस्पिटलांनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं. २०१४च्या दुरुस्तीने कागदपत्रं कमी झाली, भीती नाही झाली. वर अफू सरकारी परवान्याने पिकते कुठे, तर मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात! कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या बाईंचा मुलगा विचारतो, 'आईला सवय लागेल का हो?' अशा ठिकाणी दोन्ही विषय एकाच पाटीवर लिहाल, तर उरलेले डॉक्टरही मॉर्फीनला हात लावणार नाहीत. टूसॉनला जे औषध आहे, ते इथे विष ठरेल.

शंकेखोर
पैसा कुणाचा, हे कुणीच विचारलं नाही! बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात वेदनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९९९मध्ये सॅकलर घराण्याच्या देणगीवर उभा राहिला. ऑक्सिकॉन्टिन काढणारी पर्ड्यू याच घराण्याची. औषधाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल २००७मध्ये पर्ड्यूने गुन्हा कबूल केला, तरी विद्यापीठाच्या भिंतींवरून सॅकलर नाव उतरायला २०१९चा डिसेंबर उजाडला. छप्पर एक की दोन, हा नंतरचा प्रश्न.

वाळवंटी
शंकेखोर, बिनतोड. देणगीदाराला अभ्यासक्रमात बोट घालता येता कामा नये, हे लेखी हवं. पण परळकर, तुमच्या उदाहरणातून मला उलटंच दिसतं. त्या मुलाची भीती घालवायला व्यसन म्हणजे काय हे नीट जाणणाराच माणूस लागेल ना?

परळकर
माणूस लागेल, मान्य. पाटी नको.

केमिस्टकाका
आणि नवी औषधंही लागतील. ३० जानेवारी २०२५ला अमेरिकेत सुझेट्रिजिन हे नवं वेदनाशामक मंजूर झालं. मेंदूत अफू जिथे काम करते त्या जागांना हात न लावता बाहेरच्या नसांमध्येच ते वेदनेचा संदेश अडवतं.

सांधेवाली
काका, ते फक्त तात्पुरत्या, तीव्र दुखण्यासाठी मंजूर झालंय. माझ्यासारख्या जुनाट दुखण्यावर नाही. टूसॉनवाल्यांनी तेवढं शोधावं, खुशाल एका छपराखाली. फक्त तोपर्यंत चालू गोळी काढून घेऊ नये, आणि अभ्यासक्रम ठरवताना आमच्यातल्या चार पेशंटना खोलीत बसवावं.