इमॅक्समधला "१२४": कारण कोडमध्येच लिहावं की नको?

अर्धविराम
सी भाषेतली कॉमेंट (कोडमधली टीप, जी संगणक चालवत नाही) कुठे सुरू होते नि कुठे संपते, हे इमॅक्स या टेक्स्ट एडिटरला सिंटॅक्स टेबलातून, म्हणजे कुठलं चिन्ह काय काम करतं याच्या तक्त्यातून कळतं. तिथे स्लॅशला १२४ आणि स्टारला २३ असे फ्लॅग, म्हणजे खुणेचे आकडे, असतात. (कॉमेंटची शैली, म्हणजे "/*" की "//", हे दाखवणारं अक्षर तूर्त बाजूला ठेवू.) १ आणि २ म्हणजे उघडणाऱ्या जोडीतलं पहिलं-दुसरं चिन्ह, ३ आणि ४ बंद करणाऱ्या जोडीतलं. "/*" आणि "*/" यांच्यासाठी स्लॅशला १ आणि ४ पुरले असते. २ आहे तो "//" साठी. नवा मोड (एखाद्या भाषेसाठीची इमॅक्सची व्यवस्था) लिहिणारा हे आकडे नुसते उचलतो आणि "//" नसलेल्या भाषेतही तो २ तसाच राहतो. आकड्याशेजारी कारण लिहिलंच पाहिजे.

पुन्हा_तपासा
असहमत. फ्लॅगचे अर्थ इमॅक्सच्या लिस्प मॅन्युअलमध्ये नीट दिलेत. ते प्रत्येक मोडमध्ये उतरवले की कोड बदलतो, टीप जुनीच राहते आणि वाचणारा फसतो. चाचणी लिहा. नुसतं "/*/" द्या: कॉमेंट उघडी राहिली पाहिजे, कारण एकच स्टार दोन्हीकडे धरायचा नाही. कुणी मोडलं तर लगेच कळेल.

अर्धविराम
मोडलं एवढंच कळेल. तसं का ठरवलं होतं, ते चाचणी सांगत नाही. समजा, कर्सर "*/" वर आहे, सुरुवात शोधायची आहे. सीमध्ये कॉमेंटच्या आत कॉमेंट नसते, त्यामुळे मागे जाताना भेटलेला पहिला "/*" हा कॉमेंटमधला मजकूरही असू शकतो. म्हणून आधीच्या "*/" पर्यंत मागे जायचं आणि त्याच्या पुढचा सगळ्यात पहिला "/*" धरायचा. कंस जुळवायची सवय असलेल्याला हा बग वाटतो. तो प्रामाणिकपणे किती कॉमेंट उघडल्या ते मोजणारा काउंटर घालतो आणि चालतं ते बिघडतं.

उंबरठा
हे पटलं, १२४ चं नाही. ते मॅन्युअलचं काम. पण वरची युक्तीही स्ट्रिंगमधल्या (अवतरणचिन्हांतल्या मजकुरातल्या) "/*" ला फसते. फाइलच्या सुरुवातीपासून वाचत आलं तरच खात्री, आणि मोठ्या फाइलमध्ये ते महाग पडतं. ही तडजोड मॅन्युअलमध्ये सापडणार नाही, ती फंक्शनच्या डोक्यावरच हवी.

पुन्हा_तपासा
तडजोडीची जागा कमिट संदेशात, म्हणजे बदल नोंदवताना लिहायच्या ओळींत. ओळीचा इतिहास काढा, मिळेल.

अर्धविराम
कुणी फाइल नव्याने इंडेंट केली की ब्लेम (ओळ शेवटी कुठल्या बदलात आली ते दाखवणारी आज्ञा) त्या बदलावर बोट ठेवतो. मूळ संदेश खणून काढायला आधी शंका यायला हवी, आणि काउंटर घालणाऱ्याला शंका आलेलीच नसते.