विषय: नॉन-लीगमध्ये खेळून पुढे काय? (लेकाबद्दल सल्ला हवा)

प्रेषक: मेडस्टनची ताई

नमस्कार मंडळी,

घरचाच प्रश्न इथे मांडते आहे, कारण तुमच्यातले बरेच जण लेकाला गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळायचा तेव्हापासून ओळखता. सोळाव्या वर्षी एका फुटबॉल अकॅडमीने त्याला सोडलं. तेव्हापासून तो इथे इंग्लंडमध्ये जवळच्याच एका नॉन-लीग क्लबात (मोठ्या व्यावसायिक लीगच्या खालच्या पायरीवर) खेळतो. मंगळवारी आणि गुरुवारी सराव, शनिवारी दुपारी सामना, हातात पेट्रोलपुरते पैसे. आता एकोणीस वर्षांचा आहे. परवा म्हणाला, "आई, मला कोच व्हायचंय."

शनिवारी सकाळी तो नऊ वर्षांखालच्या पोरांना शिकवतो. रात्री जेवणाच्या टेबलावर शेंगदाणे मांडून कोणी कुठे उभं राहायला हवं होतं ते मला समजावतो. पुण्याहून फोन आला की एकच प्रश्न येतो: जो स्वतः मोठ्या लीगमध्ये खेळला नाही, त्याच्याकडून कोण शिकणार? मला उत्तर सुचत नाही. कुणाला यातलं काही ठाऊक असेल तर कृपया लिहा.

---

प्रेषक: ग्रेव्हसेंडचे काका

ताई,

उत्तर तुमच्याच गावात आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मेडस्टन युनायटेडमध्ये बॉब हाऊटन नावाचा एक तरुण होता, खेळाडू आणि कोच दोन्ही. पोरवयात फुलहॅम आणि ब्रायटन हे मोठे क्लब करून झाले, पण तिथे जम बसला नाही. मग हेस्टिंग्जचा छोटा क्लब, मग मेडस्टन. मेडस्टनला त्याच्या हाताखाली क्रॉयडनच्या शाळेतला त्याचा मित्र होता, रॉय हॉजसन. तोही क्रिस्टल पॅलेसच्या युवा संघातून बाहेर पडलेला आणि आमच्या ग्रेव्हसेंडलाही खेळून गेलेला. तुमच्या लेकाला अकॅडमीने सोडलं, तसंच या दोघांचं झालं होतं.

पण दोघांनी एक गोष्ट लवकर केली: फुटबॉल असोसिएशनचे कोचिंगचे अभ्यासक्रम. तेव्हा तिथे ॲलन वेड हे कोचिंगचे प्रमुख होते. सरावात जे करायचं ते सामन्यासारखंच असलं पाहिजे, नुसतं धावणं आणि चेंडूला लाथा मारणं नको, हा त्यांचा आग्रह. हाऊटनने तो आयुष्यभर जपला.

1974 साली, वयाच्या 26व्या वर्षी, तो स्वीडनच्या मालमोचा मॅनेजर झाला. संघातले काही खेळाडू त्याच्याहून वयाने मोठे होते. त्याच वर्षी मालमो लीग जिंकला, 1975 आणि 1977 मध्येही. 1976 साली हाऊटनच्या शब्दावर हॉजसनला हाल्मस्टाडने घेतलं. आदल्या मोसमात जेमतेम वाचलेला तो संघ त्याच वर्षी विजेता झाला! प्रत्येकाने आपल्या माणसाच्या मागे धावायचं नाही, जागा सांभाळायची. बचावफळी पुढे सरकवायची. अकराही जणांनी चेंडूबरोबर एकत्र हलायचं. स्वीडनमध्ये यावर वर्षानुवर्षं वाद झाला. कित्येकांना तो खेळ रुक्ष वाटायचा.

30 मे 1979, म्युनिक. युरोपियन कपच्या (युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात मालमो आणि इंग्लंडचा नॉटिंगहॅम फॉरेस्ट. वाटेत मोनाको, दिनामो कीव, विस्वा क्राकूव्ह आणि ऑस्ट्रिया व्हिएन्ना यांना हरवून आलेला हा संघ. कर्णधार बो लार्सन दुखापतीने बाहेर. मध्यंतर व्हायच्या बेतात असताना जॉन रॉबर्टसनने डावीकडून चेंडू टाकला आणि दूरच्या खांबाशी धावत आलेल्या ट्रेव्हर फ्रान्सिसने डोक्याने आत घातला. 1-0. फ्रान्सिस म्हणजे दहा लाख पौंडांचा पहिला ब्रिटिश खेळाडू, आणि समोरच्या बाकावर मेडस्टनहून गेलेला कोच. आजवर युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात पोहोचलेला स्वीडनचा तो एकमेव क्लब.

सगळं गोड झालं असंही नाही. 1980 मध्ये हाऊटनने इंग्लंडला परतून ब्रिस्टल सिटी क्लब हाती घेतला आणि संघ तिसऱ्या विभागात घसरला. पुढे टोरांटो, सौदी, अमेरिका, चीन, उझबेकिस्तान, इराण. हॉजसनचं तर सगळ्यांना माहीतच आहे: स्वित्झर्लंडला 1994च्या वर्ल्ड कपला नेलं, फुलहॅमला 2010 मध्ये युरोपा लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, आणि पुढे इंग्लंडचाच मॅनेजर झाला.

एक डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. मागच्या हिवाळ्यात इथल्या मैदानावर मंगळवारचा सराव बघत कठड्याशी उभा होतो. कोचने अकरा जण मैदानात उतरवले, समोर प्रतिस्पर्धी कोणीच नाही. चेंडू उजवीकडे गेला की त्याची शिट्टी, सगळे थांबायचे. मग तो चालत डाव्या बचावपटूकडे गेला, त्याची बाही धरली आणि त्याला तीन पावलं आत आणून उभं केलं. पुन्हा तेच, पुन्हा तेच. थंडीने माझी बोटं बधिर झाली, तरी पाय निघेना. ज्याला खेळ जन्मजात येतो त्याला ती तीन पावलं शिकवता येत नाहीत, कारण ती त्याला मोजावीच लागलेली नसतात, असं मला मनापासून वाटतं. तुमचा लेक शेंगदाणे मांडतो म्हणजे तो पावलं मोजतोय.

आता कामाचं. सुरुवातीचा प्लेमेकर कोर्स ऑनलाइन आहे, फुकट आहे. पुढे युएफाच्या (युरोपियन फुटबॉल संघटनेच्या) सी, बी, ए आणि प्रो अशा परवान्यांच्या पायऱ्या. मुलांबरोबर काम म्हणजे डीबीएस तपासणी (गुन्ह्यांच्या नोंदींची) लागतेच, ती क्लबकडून करून घ्या. सी कोर्सच्या फीची अडचण असेल तर मला वेगळी मेल करा, संकोच नको.

---

प्रेषक: स्विंडनहून, मूळ मडगावचा

काका, हाऊटनचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. तुम्ही यादी इराणवर थांबवलीत, पण आमच्यासाठी त्याची खरी गोष्ट 2006 पासून पुढची आहे. पाच वर्षं तो भारताचा कोच होता!

29 ऑगस्ट 2007 ला मी दिल्लीत, आंबेडकर स्टेडियममध्ये होतो. नेहरू कपचा अंतिम सामना, समोर सीरिया. 1982 पासूनच्या या स्पर्धेत भारत कधीच जिंकला नव्हता. एन. पी. प्रदीपने गोल केला आणि शेजारच्या अनोळखी सरदारजींनी मला अक्षरशः उचललं. पुढच्या वर्षी एएफसी चॅलेंज कप, अंतिम सामन्यात ताजिकिस्तानवर 4-1, सुनील छेत्रीचे तीन गोल. त्यातून 2011च्या आशिया कपचं तिकीट मिळालं, 27 वर्षांनी. 2009 ला नेहरू कप पुन्हा आपला, पुन्हा सीरियाविरुद्ध, पेनल्ट्यांवर गोलकीपर सुब्रत पालच्या हातांमुळे.

ताई, पुण्याच्या मंडळींना सांगा, ऑक्टोबर 2010 मध्ये हाच संघ बालेवाडीला व्हिएतनामशी खेळला आणि 3-1 जिंकला, तिथेही छेत्रीचे तीन.

2011च्या आशिया कपला दोहाला आपण तिन्ही सामने हरलो: ऑस्ट्रेलिया 0-4, बहारीन 2-5, दक्षिण कोरिया 1-4. तेरा गोल खाल्ले. पण कोरियाविरुद्ध सुब्रतने जे अडवलं ते ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. तयारीसाठी हाऊटनने पोरांना महिनोन् महिने शिबिरात ठेवलं, त्यावरून कुरकुरही खूप झाली. माझं मत विचाराल तर तेवढा वेळ त्याआधी आपल्या संघाला कोणी दिलाच नव्हता.

आणि आमच्या गोव्याची पोरं! महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, सगळे त्याच्या हाताखाली खेळले. महेश पुढे भारतीय संघाचा सहायक कोच झाला. क्लिफर्डने कोच म्हणून 2023 मध्ये ओडिशा क्लबला सुपर कप जिंकून दिला. तुमच्या गावातून निघालेलं शिकवणं असं आमच्या मडगावपर्यंत आलंय, ताई.

---

प्रेषक: मेडस्टनची ताई

काका, भाऊ,

दोन्ही मेल लेकाला मोठ्याने वाचून दाखवल्या. मराठी वाचताना तो अडखळतो, पण ऐकून सगळं समजतं. म्युनिकच्या गोलाशी त्याने मला थांबवलं, उठून डब्यातून शेंगदाणे आणले आणि मालमोची बचावफळी मांडली. दूरचा खांब कोणी सांभाळायला हवा होता ते शोधत बसला. मग यूट्यूबवर तो गोल काढून सहा-सात वेळा पाहिला. पुण्याला फोन त्यानेच केला, आजोबांना हाऊटन सांगितला. आजोबांनी बालेवाडीचं तेवढं दोनदा विचारलं.

प्लेमेकरसाठी काल रात्री नाव नोंदवलंय. फीची गरज पडली तर नक्की सांगेन, काका.

त्याचा एक निरोप आहे. येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता त्याच्या नऊ वर्षांखालच्या पोरांचा सराव आहे, काकांनी बघायला यावं. आणि मंडळाच्या क्रीडादिनाच्या पिवळ्या बिब्स (संघ ओळखायला अंगावर चढवायच्या बंड्या) कुणाकडे असतील तर त्या घेऊन याव्यात, चौदा पोरं आहेत आणि बिब्स नऊच आहेत.