मांगा कागदावर, लाइट नॉव्हेल पडद्यावर

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा आणि लाइट नॉव्हेल म्हणजे तरुणांसाठीची, थोडी चित्रे असलेली जपानी कादंबरी; नवख्या वाचकाने हे सगळेच डिजिटल घ्यावे, हे मत मला लाइट नॉव्हेलपुरतेच पटते. तिच्यात चित्रे मोजकी असतात आणि अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात. मांगाचे तसे नाही. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेले चित्र फोनवर मधोमध तुटते, आणि मूळ जपानीत वाचणार असाल, तर कांजी या चिनी उगमाच्या चिन्हांच्या कडेला बारीक छापलेला, त्यांचा उच्चार सांगणारा फुरिगाना दिसावा म्हणून दर चौकटीला पान मोठे करावे लागते. (किशोर मुलांसाठीच्या शोनेन मांगात तो बहुधा असतो, प्रौढांसाठीच्या सेइनेनमध्ये पुष्कळदा नसतो, तेव्हा सुरुवात शोनेनपासूनच बरी.) पहिला खंड छापील घ्यावा, पण एकच. मी वीस खंड एकदम मागवले होते. त्यांतले सतरा अजून वेष्टनातच आहेत.